व्ही-८ बंद, घाट सुरू : आल्पीनचा १९६९चा निर्णय आणि त्याची किंमत

जून १९६९. ल माँची २४ तासांची शर्यत. आल्पीन या छोट्या फ्रेंच कंपनीने तीन लिटरच्या व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनाच्या ए-२२० गाड्या उतरवल्या होत्या. रविवारी दुपारी शर्यत संपली तेव्हा त्यांतली एकही धावत नव्हती. शेवटपर्यंत पोहोचली ती कंपनीची जुनी, बारक्या इंजिनाची ए-२१०, बाराव्या क्रमांकावर. साडेतीन वर्षांनी, जानेवारी १९७३मध्ये, याच कंपनीच्या गाड्यांनी माँटे कार्लो रॅलीत (रॅली म्हणजे रस्त्यांवर टप्प्याटप्प्याने वेळ मोजून होणारी स्पर्धा) पहिले तिन्ही क्रमांक घेतले आणि त्या वर्षअखेरीस रॅलीतला पहिला जागतिक किताब मिळवला.

मधल्या काळात नवा चमत्कारिक शोध लागला नव्हता. ल माँच्या मोठ्या गाड्यांचं दुकान बंद करून रॅलीच्या दुकानावर सगळा जीव लावला गेला, एवढंच. तो निर्णय कसा झाला आणि तशीच हिंमत १९७३च्या आसपास पुन्हा का दिसली नाही, याचा हा अभ्यास.

पार्श्वभूमी

ज्याँ रेडेले हा नॉर्मंडीतल्या द्येप या बंदराच्या गावचा. वडील रेनोचे डीलर, आणि मुलगाही तरुणपणीच त्याच धंद्यात शिरला. दुकानात विकायला होती रेनो ४सीव्ही, मागे इंजिन असलेली साधी घरगुती गाडी. रेडेलेने तीच शर्यतीत पळवली. इटलीच्या मिल्ले मिल्या शर्यतीत १९५२ ते १९५४ अशी सलग तीन वर्षं तिच्या गटात तो पहिला आला. आल्प्सच्या घाटांतली रॅली गाजवल्यावर तिथल्या रस्त्यांची आठवण म्हणून १९५५मध्ये काढलेल्या कंपनीला त्याने आल्पीन हे नाव दिलं.

कंपनीची रीत डीलरच्या मुलाला शोभेल अशीच होती. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक असा महागाचा सगळा माल रेनोच्या फडताळावरचा. आपण फक्त हलकी बॉडी आणि सांगाडा करायचा. १९६२मध्ये आलेली ए-११० हे या रीतीचं सर्वोत्तम फळ. मधोमध पोलादी नळीचा कणा, त्यावर फायबर ग्लासचं कवच, उंची माणसाच्या छातीला जेमतेम लागेल एवढी, वजन आवृत्तीप्रमाणे सहाशे-सातशे किलो. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं. कोरड्या रस्त्यावर वळण चुकलं की शेपूट भिरभिरत पुढे येई, पण बर्फात तोच दोष गुण ठरे, कारण सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर. अशा गाड्यांची विक्री आणि देखभाल रेनोच्या नेहमीच्या डीलरांकडेच होत असे. ब्राझील, मेक्सिको, स्पेन, बल्गेरिया इथेही परवान्यावर आल्पीन बनत होत्या.

सर्किटवरच्या शर्यतींत आल्पीनचा हिशेब वेगळा होता. ल माँमध्ये सर्वांत आधी येणाऱ्याखेरीज आणखीही बक्षिसं असत : इंजिनाच्या आकाराच्या मानाने कोण किती अंतर कापतो, इंधनाच्या मानाने कोण किती पळतो. एक लिटरच्या आसपासचं इंजिन आणि पाण्यातल्या माशासारखी घडवलेली बॉडी घेऊन आल्पीन ही बक्षिसं नेत असे. १९६४मध्ये इंधन-कार्यक्षमतेचा किताब असाच मिळाला. त्याआधी १९६३मध्ये, ल माँच्या पहिल्याच हजेरीत, ब्राझीलचा क्रिस्तियान हाइन्स आल्पीन चालवताना दुसऱ्या गाडीच्या सांडलेल्या तेलावरून घसरून मरण पावला होता. तरीही कंपनी तिथे येत राहिली.

या बक्षिसांनी फ्रान्समध्ये नाव होई, जाहिरात होई. पण माझ्या मते याच बक्षिसांनी आल्पीनला एक चुकीची मोजपट्टीही हातात दिली. "आमच्या आकाराच्या मानाने आम्ही पहिले" असं म्हणायची सवय लागली, की आकाराचा मुद्दा उरत नाही तिथे गाडी कुठे बसते हे कळायला वेळ लागतो.

अडचण

१९६८पासून नियम बदलले. प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठीच घडवलेल्या, गाड्यांना तीन लिटरची मर्यादा आली, त्यामुळे सात लिटरची अमेरिकन धुडं बाद झाली. फॉर्म्युला वनचीही मर्यादा तीच होती. फ्रान्समध्ये पुष्कळांना वाटलं की आता आपली पाळी. रेनोने अमेदे गोर्दिनीला तीन लिटरचं व्ही-८ इंजिन करायला सांगितलं. गोर्दिनी म्हणजे "जादूगार" म्हणून ओळखला जाणारा, रेनोच्या साध्या इंजिनांतून अफाट ताकद काढणारा माणूस. त्याची सगळी हयात लहान इंजिनं पिळून काढण्यात गेली होती.

व्ही-८ तयार झालं, चाललं, पण त्यातून निघाली ३००च्या थोडी वर अश्वशक्ती. त्याच सुमारास कॉसवर्थ या इंग्लिश कंपनीचं फॉर्म्युला वनचं इंजिन ४००च्या वर देत होतं. हा फरक कार्बुरेटरचा स्क्रू फिरवून भरून निघणारा नव्हता. बॉडीची घडण कितीही निसरडी करा, शंभर अश्वशक्ती म्हणजे शंभर अश्वशक्ती.

त्यातच देशातला दुसरा स्पर्धक उभा राहिला, मात्रा. (मराठी वाचकाला हे नाव गमतीचं वाटेल, पण ते खरंच तसंच आहे.) मात्रा ही क्षेपणास्त्रं बनवणारी कंपनी, तिच्या पाठीशी सरकारी कर्ज होतं आणि स्वतःचं व्ही-१२ इंजिन होतं. आल्पीनच्या पाठीशी होतं रेनोचं स्पर्धांचं बजेट. १९६८पर्यंत ते सगळंच्या सगळं द्येपच्या, म्हणजे आल्पीनच्या, वाट्याला आलं होतं, पण खर्च किती आणि कशावर करायचा ते पॅरिसमध्ये, रेनोकडे, ठरे. याचा दाखला लवकरच मिळाला. आल्पीनने व्ही-८ बसवून ए-३५० ही फॉर्म्युला वनची गाडी बनवली, चाचणीलाही नेली. रेनोने परवानगी नाकारली. गाडी एकाही ग्रां प्रीत उतरली नाही.

१९६८चं ल माँ मे महिन्यातल्या आंदोलनांमुळे सप्टेंबरअखेर झालं. ए-२२०पैकी एक आठवी आली. वाईट नव्हे, पण स्पर्धेत म्हणावी अशीही नव्हे. रविवारी सकाळी दुसऱ्या ए-२२०चा अपघात झाला, गाडी पेटली आणि मौरो बियांकी गंभीर भाजला. त्या दिवशी शर्यत जिंकली ती फोर्ड जीटी-४०च्या जोडीने, आणि त्या जोडीतला एक होता मौरोचा सख्खा भाऊ ल्युसिएँ.

पुढच्या जूनमध्ये काय झालं ते वर आलंच आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय व्ही-८वरच काम करत राहण्याचा. त्यासाठी इंजिनाचा वरचा भाग जवळपास नव्याने करावा लागला असता आणि निदान दोन वर्षांचा पैसा लागला असता. ज्या रेनोने फॉर्म्युला वनला नकार दिला होता, तिच्याकडून ही रक्कम मिळेल असं मानायला फारसं कारण नव्हतं.

दुसरा पर्याय मागे फिरण्याचा : पुन्हा लहान इंजिनं, पुन्हा आकाराच्या मानाने मिळणारी बक्षिसं. सुरक्षित रस्ता, पण मात्रा पहिल्या क्रमांकासाठी झगडत असताना बाजूच्या बक्षिसाची बातमी वर्तमानपत्रात कुठल्या कोपऱ्यात येईल, हे डीलरला सांगावं लागत नाही.

तिसरा पर्याय रॅलीचा, आणि तो नवा नव्हता. जाक शेनिस हा माजी चालक कंपनीचा स्पर्धाविभाग सांभाळत होता आणि ए-११० फ्रान्समधल्या रॅली जिंकतच होती. माँटे कार्लोही हातातोंडाशी येऊन गेली होती. १९६८मध्ये जेरार लारूस आघाडीवर असताना शेवटच्या रात्री प्रेक्षकांनी रस्त्यावर बर्फ फेकलं, गाडी घसरून आदळली आणि रॅली पोर्शच्या व्हिक एल्फर्डने नेली. लारूस पुढे पोर्शकडेच गेला. म्हणजे गाडीत दम आहे हे दिसलं होतं आणि हाताशी आलेलं निसटू शकतं हेही.

रॅलीच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती आणि माझ्या मते तीच निर्णायक. रेनो १६ या घरगुती गाडीचं १५६५ सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन आता ए-११०मध्ये बसत होतं. ज्या इंजिनावर एखादा फ्रेंच कारकून बायकोमुलांना सुट्टीला नेत होता, तेच इंजिन बर्फाच्या खिंडीत पोर्शशी झुंजणार. ल माँच्या व्ही-८चा रेनोच्या दुकानातल्या कुठल्याच गाडीशी संबंध नव्हता. पैसे देणाऱ्याला पटवायचं तर ही गोष्ट मांडायला सोपी होती.

विरोधात काय होतं? रॅलीला ल माँएवढा मान नव्हता. एकाच प्रकारच्या स्पर्धेवर सगळं लावणं धोक्याचंही होतं. शिवाय ए-११० तोवर सात वर्षांची झालेली गाडी. तिच्यात अजून किती वाढ शक्य आहे, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

काय केलं

मोठ्या प्रोटोटाइपचा कार्यक्रम थांबवला. सर्किटचा दरवाजा पूर्ण लावला नाही; फॉर्म्युला थ्रीच्या लहान गाड्या चालू ठेवल्या, आणि त्यांतूनच १९७१मध्ये पात्रिक देपाये फ्रान्सचा विजेता झाला. बाकी सगळा जोर रॅलीकडे. व्ही-८चा शेवटही रॅलीतच झाला म्हणायला हरकत नाही : १९६९च्या शरदात ए-२२०ची एक आखूड केलेली आवृत्ती सेव्हेनच्या डोंगरी रॅलीत उतरवली गेली. ल माँच्या सरळ रस्त्यासाठी घडवलेली गाडी घाटात. पैसे वसूल करायची ही धडपड पाहून हसू येतं खरं, पण त्यातून जे कळायचं ते कळलं.

माणसांच्या बाबतीत कंपनी सुदैवी होती. ज्याँ-लुक तेरिए, ज्याँ-क्लोद आंद्रुए, ज्याँ-पिएर निकोला आणि बेर्नार दार्निश या चौघांना पुढे "मस्केटियर" म्हणू लागले. तेरिए तर नॉर्मंडीचाच. १९७१मध्ये स्वीडनचा ऊव्हे अँडरसन आला. तो बर्फातला जाणकार आणि स्वभावाने थंड. चार तापट फ्रेंच चालकांमध्ये असा एक हवाच होता.

१९७०मध्ये तेरिएने सानरेमो आणि ग्रीसची अ‍ॅक्रोपोलिस जिंकली, आंद्रुए युरोपचा विजेता झाला, पण उत्पादकांचा किताब पोर्शने नेला. १९७१मध्ये अँडरसनने माँटे कार्लो, सानरेमो, ऑस्ट्रियन आल्पाइन आणि अ‍ॅक्रोपोलिस अशा चार रॅली घेतल्या आणि उत्पादकांचा आंतरराष्ट्रीय किताब आल्पीनकडे आला. दोन वर्षांपूर्वी ल माँमध्ये धूर सोडत उभी असलेली कंपनी ती हीच.

मग १९७२ची माँटे कार्लो, या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा टप्पा. आल्पीन वेगात सर्वांच्या पुढे होत्या. पण इंजिनाची ताकद वाढवताना ती चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांचा हिशेब मागे पडला होता. एकामागून एक गिअरबॉक्स गेले. कंपनीच्या सगळ्या गाड्या बाद झाल्या आणि रॅली जिंकली सांद्रो मुनारीने, लान्चा फुल्व्हियातून. पुढच्या चाकांवर चालणारी, कमी ताकदीची, पण न मोडणारी गाडी. वर्षाचा किताबही लान्चाकडे गेला.

इथे दोन चुका होऊ शकल्या असत्या. घाबरून ताकद कमी करणं ही एक, आणि "नशीब खराब" म्हणून तसंच पुढे जाणं ही दुसरी. द्येपने दोन्ही टाळल्या. गाड्यांच्या टिकाऊपणावर काम झालं, इंजिन १८०० सीसीपर्यंत नेलं, मागचं सस्पेन्शन सुधारलं. त्याच वर्षी एक धाडसी प्रयोगही झाला : बेर्नार द्युदो या तरुण अभियंत्याने टर्बो (धुराच्या जोराने इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) बसवलेली ए-११० घेऊन तेरिएने सेव्हेनची रॅली जिंकली. टर्बो तेव्हा रॅलीत कुणाच्या गावीही नव्हता. हाच द्युदो पुढे रेनोच्या फॉर्म्युला वन टर्बोच्या घडणीत मुख्य माणसांपैकी एक होता.

निकाल

१९७३मध्ये उत्पादकांची जागतिक रॅली स्पर्धा पहिल्यांदा सुरू झाली. तेरा रॅली. सुरुवात माँटे कार्लोपासून, आणि तीही वादळी. ब्युर्झेच्या टप्प्यावर बर्फाने रस्ता अडला, शंभराहून जास्त स्पर्धक बाद ठरवले गेले आणि त्यांनी भांडण काढलं. हा गोंधळ एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आंद्रुए पहिला, अँडरसन दुसरा, निकोला तिसरा, तेरिए पाचवा, पियो सहावा. पहिल्या सहांत पाच आल्पीन. मधे फक्त हान्नू मिक्कोलाची फोर्ड घुसली होती. आंद्रुएच्या शेजारच्या सीटवर पुढच्या वळणांची टिपणवही वाचून त्याला सांगत होती मिशेल पेती, जिला सगळे "बीश", म्हणजे हरिणी, म्हणत. जागतिक स्पर्धेतली अगदी पहिली रॅली जिंकणाऱ्या जोडीत एक बाई होती, हे सहसा सांगितलं जात नाही.

पुढे पोर्तुगाल तेरिएने घेतली, मोरोक्को दार्निशने, अ‍ॅक्रोपोलिस आणि सानरेमो पुन्हा तेरिएने, आणि डिसेंबरात कॉर्सिका निकोलाने. तेरापैकी सहा. मोरोक्कोचं वाळवंट आणि ग्रीसचे धोंडे अशा जागी फायबर ग्लासची ही काडी टिकली, म्हणजे १९७२चा गिअरबॉक्सचा धडा पचला होता. केनियाची सफारी, फिनलंड, इंग्लंड इथे मात्र आल्पीनचं काही चाललं नाही. अंतिम गुण : आल्पीन-रेनो १४७, फियाट ८४, फोर्ड ७६.

तीन रॅली जिंकणाऱ्या तेरिएला त्या वर्षी कुठलाच जागतिक किताब मिळाला नाही, कारण चालकांसाठी तो नव्हताच. तो सुरू झाला १९७९मध्ये.

आणि याच विजयाच्या वर्षी रेडेलेची कंपनी त्याच्या हातून गेली. १९७३मध्ये रेनोने बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. ऑक्टोबरात तेलाचं संकट आलं, जानेवारी १९७४ची माँटे कार्लो रद्दच झाली, आणि वेगवान गाड्या विकण्याला एकदम वाईट दिवस आले. रेनोचा पैसा पुन्हा सर्किटकडे वळला. १९७८मध्ये आल्पीन-रेनो ए-४४२बी घेऊन दिदिए पिरोनी आणि ज्याँ-पिएर जोसो यांनी ल माँ जिंकली. १९६९ला जे जमलं नाही ते नऊ वर्षांनी जमलं, पण तोवर पैसा आणि निर्णय दोन्ही पॅरिसचे होते. त्याच वर्षी रेडेले कंपनीतून बाहेर पडला.

वेगळं काय करता आलं असतं

१९६९चा निर्णय बरोबर होता, याबद्दल मला शंका नाही. उशीर मात्र झाला. व्ही-८ची ताकद किती आणि समोरच्याची किती, हे १९६८च्या सुरुवातीलाच माहीत होतं. ए-३५०ला नकार मिळाला तेव्हाच उमजायला हवं होतं की या इंजिनाला पोसणारं कुणी नाही. त्यानंतरचा एक पूर्ण मोसम, आणि बियांकीचं भाजणं, ही त्या उशिराची किंमत. त्या उशिराला गोर्दिनीच्या नावाचा दबदबा कारणीभूत असावा, असं मला वाटतं. जादूगाराला "यावेळी नाही जमलं" असं कोण सांगणार?

पण खरी चूक १९७२मध्ये दिसते, आणि तीही हरताना झालेली नाही. त्या वर्षी कॉर्सिकाची रॅली आंद्रुएने ए-११०मधून जिंकली. त्याच रॅलीत लान्चाने एक विचित्र, पाचरीसारखी गाडी पहिल्यांदा उतरवली, स्ट्रॅटोस. ती पूर्ण करू शकली नाही. जिंकलेल्या संघाला अशा गाडीकडे बघायची गरज वाटत नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं की इंजिन मधोमध, फेरारीचं व्ही-६, आखूड सांगाडा, आणि मुळातूनच केवळ रॅलीसाठी आखणी. आल्पीनची ए-११० दहा वर्षांची झाली होती आणि तिची वारस म्हणून १९७१मध्ये आणलेली ए-३१० ही पोर्शच्या गिऱ्हाईकाला डोळ्यासमोर ठेवून केलेली, मागे छोट्या सीट असलेली, जड गाडी होती. शोरूमच्या हिशेबाने ती योग्य असेलही. घाटाच्या हिशेबाने तिचा उपयोग नव्हता.

पैसा नव्हता म्हणून वारस घडली नाही, असं समर्थन करता येतं आणि त्यात तथ्य आहे. लान्चाच्या मागे फियाट होती. पण ए-३१० घडवायला पैसा सापडला होता, टर्बोचा प्रयोगही परवडला होता. कमी पडला तो १९६९सारखा एक कोरडा हिशेब : ही गाडी आणखी किती वर्षं जिंकेल, आणि त्यानंतर काय. १९७३नंतर इंधन इंजेक्शन, जास्त झडपांची इंजिनं असे उपाय करून ए-११०लाच ताणलं गेलं. इंजिनाची जागा मात्र मागच्या चाकांमागेच राहिली.

उलट बाजूने एक प्रश्न मला अजून सुटत नाही. १९७३मध्ये स्ट्रॅटोसच्या तोडीची गाडी हाताशी असती, तर रेनोने तिला रॅलीत ठेवलं असतं का? १९७४मध्ये अमेरिकेतली रॅली तेरिएने जिंकली ती आल्पीनमधून नव्हे, रेनो १७मधून. रेनोला आता आपल्याच नावाच्या गाडीचा फोटो हवा होता. १९७६च्या अखेरीस आल्पीन आणि गोर्दिनी या दोन्हींचे स्पर्धाविभाग एकत्र करून रेनो स्पोर्ट उभी राहिली. अशा वेळी द्येपने कितीही उत्तम वारस घडवली असती तरी तिचं दान कुणाच्या पदरात पडलं असतं, कोण जाणे.

कॉर्सिकाच्या विजेत्यांची यादी पाहिली की सगळं एका नजरेत दिसतं. १९७२ : आंद्रुए, आल्पीन. १९७३ : निकोला, आल्पीन. १९७४ : आंद्रुए, लान्चा स्ट्रॅटोस. १९७५ : दार्निश, लान्चा स्ट्रॅटोस.